पेट्रोल पंप टाकायचाय? आधी जमिनीखालची टाकी समजून घ्या



पेट्रोल पंपाच्या डीलरशिपवर आपण व्हिडिओ केला, तेव्हा खाली आलेले बहुतेक प्रश्न दोनच प्रकारचे होते. पैसे किती लागतात आणि लिटरमागे सुटतं किती. त्या गर्दीत गोंदिया जिल्ह्यातल्या चोरखमाऱ्याहून एक प्रश्न आला आणि तो मला सगळ्यात शहाणा वाटला. "सर, आमची जागा रोडला लागून आहे. पण दोन्ही बाजूला धानाच्या बांध्या आहेत, पावसाळाभर पाणी साचून राह्यते. टाकी जमिनीत टाकली तर चालते का?"

चालते. पण हा प्रश्न जागा घेण्याआधी विचारला गेला याचं मला कौतुक आहे. टाकी एकदा पुरली, वर काँक्रीट पडलं, की मग तुम्हाला ती दिसत नाही. पंपावर तुमच्या मालाची सगळ्यात मोठी रक्कम या न दिसणाऱ्या टाकीत पडून असते आणि पंपावरचा सगळ्यात मोठा धोकाही तिथेच असतो. म्हणून आजचा धडा फक्त टाकीवर. कमिशन, कर्ज, जाहिरात, लॉटरी हे सगळं व्हिडिओत आहे, इथे परत सांगत नाही.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी: चोरखमारा तिरोडा तालुक्यात आहे. मोठा तलाव, बाजूला नागझिऱ्याचं जंगल, बाकी सगळीकडे धान. भंडारा-गोंदियात मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, गावोगावी आहेत. याचा साधा अर्थ असा की पावसाळ्यात इथे जमिनीत पाणी अगदी वरपर्यंत येतं. यवतमाळच्या एखाद्या माळरानावरच्या पंपाला जी काळजी करावी लागत नाही, ती इथल्या पंपाला करावी लागते.

टाकी जमिनीत का पुरतात

कायद्याने पेट्रोलियमचे तीन वर्ग केलेत. ज्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान, २३ अंश सेल्सिअसच्या खाली आहे तो 'अ' वर्ग. पेट्रोल यात येतं. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट शून्याच्याही ४० अंश खाली आहे, म्हणजे आपल्याकडच्या कडाक्याच्या थंडीतसुद्धा पेट्रोलची वाफ पेटायला तयारच असते. २३ ते ६५ अंशांमधला 'ब' वर्ग, त्यात डिझेल. त्यापुढचा 'क' वर्ग.

आता मे महिन्यात विदर्भात ४५ अंश तापमान असतं. उघड्यावरच्या टाकीत पेट्रोल ठेवलं तर ते दिवसभर उकळायला ठेवल्यासारखंच झालं. जमिनीखाली तापमान बरंच स्थिर राहतं, वाफ कमी होते, गाडी येऊन टाकीवर आदळत नाही, आणि वर आग लागलीच तर ती टाकीपर्यंत सहज पोचत नाही. म्हणून पंपाची टाकी जमिनीत असते.

टाकी म्हणजे पोलादी पत्र्याचा आडवा सिलिंडर. १०, १५, २० हजार लिटर अशा मापाच्या टाक्या असतात. बाहेरून गंजरोधक लेप आणि गुंडाळी, खाली काँक्रीटचा पाया, भोवती वाळू. वर एक मॅनहोल, तेल उतरवायचा फिल पाइप आणि एक उंच व्हेंट पाइप. फिल पाइप टाकीच्या तळाजवळपर्यंत खाली गेलेला असतो, कारण पेट्रोल वरून धबधब्यासारखं पडलं की स्थिर वीज तयार होते आणि ठिणगीला तेवढं पुरतं. व्हेंट पाइप जमिनीपासून किमान ४ मीटर उंच लागतो, त्याच्या तोंडावर बारीक जाळीचे दोन थर लागतात. ती जाळी कोणी मोजत नाही असं समजू नका. तपासणीला आलेला माणूस आधी वरच बघतो.

हे सगळे नियम येतात पेट्रोलियम कायदा १९३४ आणि पेट्रोलियम नियम २००२ मधून. परवाना देणारी संस्था म्हणजे पेसो. ही संस्था १८९८ पासून आहे, आणि आपल्या भागातल्या लोकांसाठी सोयीची गोष्ट अशी की तिचं देशाचं मुख्यालय नागपूरला आहे. तिरोड्याला गाडीत बसलात की थेट. पंपाचा परवाना नमुना १४ मध्ये मिळतो. त्याआधी जिल्हाधिकाऱ्यांचा ना-हरकत दाखला लागतो. सरकारी तेल कंपनीचा पंप असेल तर टाक्या, पाइप, मशीन हे साधारणपणे कंपनी बसवते. पण रोज सकाळी त्या टाकीशेजारी उभे असणार तुम्ही. कंपनीचा अधिकारी रोज येत नाही.

रिकामी टाकी पाण्यावर तरंगते, आणि भरलेलीसुद्धा

आता चोरखमाऱ्याच्या प्रश्नाकडे या. हिशोब करून बघू.

२० हजार लिटरची टाकी जमिनीत आहे आणि भोवतीच्या मातीत पाणी पूर्ण भरलं आहे. ती टाकी २० घनमीटर पाण्याची जागा अडवते, म्हणजे पाणी तिला २० टन जोराने वर ढकलतं. धानाची पोती भरलेल्या ट्रकाएवढं वजन उलटं, खालून वर. टाकीच्या पोलादाचं स्वतःचं वजन असतं साधारण दोन-तीन टन. रिकामी टाकी वर यायला बघणार हे उघड आहे.

पण लोक म्हणतात, "मग पावसाळ्यात टाकी भरून ठेवू." ठेवा, मदत होते. पण हिशोब पुरा करा. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं आहे. २० हजार लिटर पेट्रोलचं वजन साधारण १४,८०० किलो. टाकीचं अडीच टन धरलं तर झाले १७,३००. पाण्याचा जोर २० हजार किलोचा. म्हणजे काठोकाठ भरलेली पेट्रोलची टाकीसुद्धा, नुसती ठेवून दिली, तर पाणथळ खड्ड्यात वर यायलाच बघते. तिला धरून ठेवतं ते काय? वरच्या मातीचं आणि काँक्रीटचं वजन, आणि पायाला बांधलेले पोलादी पट्टे. टाकी इंचभर जरी उचलली गेली तरी पाइपांचे सांधे ताणले जातात. वर फरशीला बारीक भेग दिसते, आणि खाली गळती सुरू झालेली असते.

म्हणून जागा पाणथळ असेल तर खड्डा खणला जात असताना तिथे जा. पायाचं काँक्रीट, त्यात बसवलेले हुक, पट्टे हे डोळ्यांनी बघा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. ठेकेदाराला राग आला तर येऊ द्या. पाण्याची पातळी उथळ असलेल्या जागी दुहेरी भिंतीची टाकी किंवा टाकीभोवती पाणी-तेल न झिरपणारा काँक्रीटचा कप्पा अशी व्यवस्था करतात. ती मागायचा तुम्हाला अधिकार आहे. कारण पुढे काही झालं तर शेजारच्या विहिरीचा मालक कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात जाणार नाही, तुमच्याच दारात येणार.

आणि विहिरीपुरतंच नाही. अशा तलावांत ढिवर समाज मासेमारी करतो, त्याच पाण्यावर धान पिकतो, त्याच जमिनीतून हँडपंप पाणी ओढतो. पेट्रोलमध्ये बेंझिन असतं, ते कर्करोगकारक आहे. एकदा भूजलात उतरलं की ते बाहेर काढायचा खर्च कुठल्याही छोट्या डीलरला झेपणारा नाही.

तलावाकाठच्या पंपाचा एक वेगळा नियम

आता जरा उलटा विचार करा. टाकीला छोटं भोक पडलं. तुम्हाला वाटेल तेल कमी होईल. उन्हाळ्यात तसंच होतं. पण पावसाळ्यात टाकीच्या बाहेरच्या पाण्याची पातळी आतल्या तेलापेक्षा वर असेल तर तेल बाहेर जात नाही, पाणीच आत येतं. म्हणजे धानाच्या बांध्यांमधल्या पंपावर जुलै-ऑगस्टमध्ये गळतीची पहिली खूण बहुतेकदा टाकीत वाढलेलं पाणी ही असते. तेलाचा हिशोब अगदी बरोबर लागत असेल आणि तरी टाकी फुटलेली असू शकते.

हे पाणी कसं मोजतात? डिप रॉडच्या खालच्या टोकाला वॉटर पेस्ट लावायची आणि रॉड टाकीत सोडायचा. पाणी जिथवर लागलं तिथवर पेस्टचा रंग बदलतो. दोन मीटर व्यासाच्या, २० हजार लिटरच्या टाकीत तळाला १ सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे १२ लिटर. २ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ३४. तळाला टाकी गोल असल्यामुळे दुसरा सेंटिमीटर पहिल्यापेक्षा महाग पडतो. काल १ होतं, आज २ आहे, तर एका रात्रीत वीस-बावीस लिटर पाणी आत आलं.

आधी साधी कारणं बघा. मॅनहोलच्या चेंबरमध्ये पावसाचं पाणी साचलंय का? फिल पॉइंटचं झाकण नीट बसलंय का, त्याचं रबर झिजलंय का? बऱ्याचदा दोष तिथेच सापडतो. चेंबरची कड फरशीपेक्षा उंच हवी आणि जोराच्या पावसानंतर चेंबर उघडून बघायची सवय हवी. ते सगळं ठीक असेल आणि पाणी तरी वाढत असेल, तर त्या टाकीची विक्री बंद करून कंपनीला कळवायचं. लेखी.

आणि आता इथेनॉल आलंय. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं लक्ष्य गाठलं गेलं. इथेनॉलला पाण्याची ओढ असते. थोडं पाणी ते स्वतःत सामावून घेतं, आणि एका मर्यादेनंतर इथेनॉल आणि पाणी दोघं मिळून पेट्रोलपासून फुटून तळाला बसतात. वर उरतं ते कमी ऑक्टेनचं पेट्रोल, खाली उरतं ते इंजिन बंद पाडणारं मिश्रण. पूर्वी टाकीत थोडं पाणी असलं तरी वरचा माल बराचसा शाबूत राहायचा. आता पूर्ण टाकीचा माल खराब होऊ शकतो. साधी पेस्ट या मिश्रणात नीट रंग दाखवेलच असं नाही, म्हणून इथेनॉल मिश्रित पेट्रोलसाठीची पेस्ट वापरा. पावसाळ्यात गावातल्या दहा मोटारसायकली एकाच दिवशी बंद पडल्या, तर तुमच्या पंपाचं नाव तालुकाभर होतं.

पूर आणि पंप यांचा एकत्र हिशोब न केल्याने काय होतं, याचं सगळ्यात भयंकर उदाहरण आफ्रिकेतल्या घानाचं आहे. ३ जून २०१५ ला अक्रा शहरात तुफान पाऊस झाला. लोक पावसापासून आडोसा म्हणून एका पेट्रोल पंपावर थांबले. तेल पुराच्या पाण्यावर पसरलं, ते पेटलं आणि स्फोट झाला. दीडशेहून जास्त माणसं गेली. आपल्याकडेही पाऊस आला की दुचाकीवाले पंपाच्या छताखालीच थांबतात. थांबू द्या, माणुसकी आहे. पण फरशीवर पाणी चढायला लागलं की विक्री बंद, मेन स्विच बंद, लोकांना उंच जागी पाठवायचं. हे कोण करणार ते पंपावरच्या पोरांना आधी सांगून ठेवलेलं पाहिजे.

सकाळचा डिप: सुरक्षा आणि गल्ला एकाच वहीत

माझं ठाम मत आहे की छोट्या पंपावर सुरक्षेची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे डिप रजिस्टर. अग्निशामक सिलिंडर आग लागल्यावर कामाला येतो. डिप रजिस्टर महिनाभर आधी बोलतं.

हिशोब तोच, जो किराणा दुकानदार करतो. कालचा शिल्लक माल, त्यात आलेला माल मिळवा, विकलेला वजा करा, उत्तर आणि टाकीतला प्रत्यक्ष माल जुळवा. समजा काल सकाळी डिप ८,४५० लिटर. टँकरने ५,००० उतरले. मशीनच्या टोटलायझरप्रमाणे २,३१० विकले. मापाची चाचणी केलेलं पेट्रोल परत टाकीत ओतलं असेल तर ते विक्रीतून वजा केलेलं असावं. आज असायला हवेत ११,१४०. डिप दाखवतोय ११,१०५. फरक उणे ३५.

घाबरायचं का? एका दिवसावरून नाही. वर सांगितलेल्या टाकीत मधल्या उंचीला १ मिलिमीटर म्हणजे सुमारे १३ लिटर. ३५ लिटर म्हणजे तीन मिलिमीटरसुद्धा नाही. रॉड जरा तिरका गेला, वाचणाऱ्याचा चष्मा घरी राहिला, तरी एवढा फरक पडतो. एक दिवस उणे ३५, दुसऱ्या दिवशी अधिक २०, मग उणे १०, असं चाललं असेल तर ते वाचण्यातले फरक आहेत. पण रोज उणेच येत असेल तर प्रश्न गंभीर आहे. रोज ३५ लिटर म्हणजे महिन्याला १,०५० लिटर. पेट्रोल १०० रुपये लिटर धरलं तर लाखाच्या वर रुपये जमिनीत चाललेत, किंवा कोणाच्या तरी कॅनमध्ये. दोन्ही तुम्हाला कळायला हवं.

कुठे चाललेत ते शोधायची साधी रीत अशी. रात्री विक्री बंद केली की डिप घ्या, सकाळी पहिली गाडी लागण्याआधी परत घ्या, आणि असं तीन-चार रात्री करा. विक्री बंद असताना पातळी उतरत असेल तर टाकी किंवा तिला जोडलेला पाइप संशयित. रात्री काहीच उतरत नाही आणि दिवसाच तूट येते, तर मशीनकडच्या पाइपलाइनीकडे बघा किंवा मशीन माप जास्त देतंय का ते तपासा. पाच लिटरचं प्रमाणित माप प्रत्येक पंपावर असतंच, त्यात २५ मिलिलिटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. आणि हो, माणसांकडेही बघा. पण आधी मोजा, मग संशय घ्या. बिचाऱ्या सेल्समनवर आळ घेऊन नंतर पाइप गळका निघाला तर चांगला माणूस गमावून बसाल.

हल्ली बहुतेक पंपांवर टाकीत ऑटोमॅटिक गेज असतो, ऑफिसातल्या स्क्रीनवर पातळी दिसते. म्हणून पोरं हाताने डिप घ्यायचा कंटाळा करतात. गेज हवाच, पण त्याचाही सेन्सर बिघडतो. रोज सकाळी रॉडने एकदा, आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी.

इथे विदर्भातल्या उन्हाची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर नवा डीलर उगाच गळती शोधत बसतो. पेट्रोल तापलं की फुगतं, थंड झालं की आकसतं. दर अंशाला साधारण हजार लिटरमागे एक लिटर. मे महिन्यात दुपारी टँकरमधून ४० अंशांचं १२ हजार लिटर पेट्रोल आलं आणि जमिनीखाली ते ३० अंशांवर आलं, तर १२० लिटर नुसतं आकसून गेलं. वर ठेवलेल्या दराने १२ हजार रुपये. ही गळती नाही. ओळखायचं कसं? आकसणं टँकर उतरल्यानंतर होतं आणि थांबतं. गळती रोज होते, टँकर येवो न येवो. म्हणून वहीत टँकर आलेल्या दिवशी खूण करत चला, नमुना आपोआप दिसेल. याच कारणासाठी घनता १५ अंशांवर बदलून लिहायची असते. चलनावरच्या घनतेत आणि तुमच्या मोजणीत ३ पेक्षा जास्त फरक आला तर तो टँकर उतरवून घ्यायचा नाही.

टँकर उतरतो तो अर्धा-पाऊण तास

पंपावर सगळ्यात जोखमीची वेळ हीच, आणि घाईही याच वेळी असते. ड्रायव्हरला पुढच्या पंपावर जायचं असतं, बाहेर गिऱ्हाईक हॉर्न वाजवत असतं.

काय घडतं ते समजून घ्या. टाकीत १२ हजार लिटर पेट्रोल आत गेलं, तर आतली १२ हजार लिटर पेट्रोलच्या वाफेने भरलेली हवा व्हेंट पाइपातून बाहेर पडते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, खाली उतरते, नालीत, खड्ड्यात, केबलच्या चरात जाऊन बसते. हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास झालं तरी पेटायला पुरतं. म्हणून पंपाच्या कोपऱ्यात भाड्याने चहाची टपरी द्यायचा मोह होतो ना, तिथे आधी व्हेंट पाइप कुठे आहे, फिल पॉइंट कुठे आहे ते बघा. पंक्चरवाल्याला जागा दिली असेल तर त्याचा स्टोव्ह किंवा वेल्डिंग मशीन कुठे लागतं ते बघा. महिन्याच्या दोन हजार रुपये भाड्यासाठी हा सौदा करण्यासारखा नाही.

टँकर आला की तोंड बाहेर जायच्या दिशेला, इंजिन बंद, चाकांना ओट लावायचे. दहा-पंधरा मिनिटं नुसतं उभं राहू द्या, प्रवासात घुसळलेलं तेल आणि साठलेली स्थिर वीज शांत होऊ द्या. टाकीचा डिप घेऊन येणारा माल मावतो का ते आधी बघा. हसू नका, तेल उतू जाण्याचं हे नेहमीचं कारण आहे. सील तपासा. मग अर्थिंगची तार पहिल्यांदा जोडायची, पाइप नंतर. काढताना उलटं, पाइप आधी, तार शेवटी. त्या टाकीवरची विक्री तेवढा वेळ बंद. दोन अग्निशामक सिलिंडर हाताशी, गाडीत पडलेले नकोत. विजा कडाडत असतील तर उतरवणं थांबवा. आणि एक माणूस पूर्णवेळ तिथेच उभा हवा. मोबाइल त्याच्या खिशातही नको.

टाकीत माणूस उतरवायचा नाही

आपल्या गावात जुनी पद्धत आहे. बंद पडलेल्या विहिरीत उतरण्याआधी दोराला दिवा बांधून खाली सोडायचा, विझला तर उतरायचं नाही. ही पद्धत टाकीवर कोणी वापरली तर तो स्वतः राहणार नाही, पंपही राहणार नाही. आणि दिवा न सोडता नुसतं उतरलं तरी रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतली वाफ काही श्वासांतच माणसाला बेशुद्ध करते. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. विहिरीत, सेप्टिक टँकमध्ये हे आपण दर वर्षी पेपरात वाचतो.

टाकी साफ करायची, दुरुस्ती करायची, तर कंपनीकडून, प्रशिक्षित लोकांकडून. टाकी वायुमुक्त असल्याचं सक्षम व्यक्तीचं प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय कोणी आत जाणार नाही, जवळपास वेल्डिंग, ग्राइंडर काही चालणार नाही. "पाचशे रुपये देतो, जरा उतरून गाळ काढ" हे वाक्य तुमच्या पंपावर कोणाच्या तोंडून येता कामा नये. मॅनेजरच्या तर नाहीच.

वरच्या गोष्टींचाही टाकीशी संबंध असतो

१३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरच्या छेडा नगरमध्ये वादळी वाऱ्याने एक राक्षसी होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं. १७ माणसं गेली, सत्तरच्या वर जखमी झाली. दोष होर्डिंगचा होता, टाकीचा नव्हता. पण बचावाच्या वेळी टाक्या आड आल्या. लोखंडी सांगाड्याखाली माणसं अडकलेली आणि खाली इंधनाचा साठा, त्यामुळे गॅस कटर बेधडक चालवता येईना. बचाव पथकांना जपून, वेळ घेत काम करावं लागलं.

यातून छोट्या उद्योजकाने काय घ्यायचं? पंपाच्या जागेवर किंवा शेजारी जे काही उभं राहील, होर्डिंग, मोबाइल टॉवर, मोठं झाड, ते पडलं तर कुठे पडेल हे बघायचं. जाहिरातवाला वर्षाचं भाडं घेऊन येईल तेव्हा हे आठवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जानेवारी २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे नवा पंप शाळा, दहा किंवा जास्त खाटांचं रुग्णालय आणि निवासी भाग यांच्यापासून ५० मीटर दूर हवा. अडचण असेल तर जादा सुरक्षा उपाय करून कमी करता येतं, पण ३० मीटरच्या आत कधीच नाही. आणि हे अंतर मोजतात फिल पॉइंट, मशीन किंवा व्हेंट पाइप यातलं जे सगळ्यात जवळ असेल तिथून, तुमच्या कुंपणापासून नाही. पंपावरून उच्च दाबाची वीजवाहिनी गेलेली चालत नाही. चोरखमाऱ्यासारख्या ठिकाणी जंगल जवळ असल्याने वन विभागाकडे आधी चौकशी करा, इसार देण्याच्या आधी.

पंप नाही, पण बाटलीत पेट्रोल विकतो, त्यांच्यासाठी

हा भाग काही जणांना आवडणार नाही. गावात पंप दूर असतो, म्हणून किराणा दुकानात पाण्याच्या बाटल्यांमधून पेट्रोल विकायला ठेवतात. लिटरमागे दहा-वीस रुपये सुटतात, गावाची सोय होते, मी समजू शकतो. पण कायदा स्पष्ट आहे. परवान्याशिवाय पेट्रोल ठेवायची सवलत ३० लिटरपर्यंतच आहे, आणि तीही विक्रीसाठी नसेल तरच. म्हणजे दुकानातली पहिली बाटलीसुद्धा बेकायदा. डिझेलला सवलत मोठी आहे, एकूण २,५०० लिटरपर्यंत, आणि कुठलंही एक भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नको. ट्रॅक्टर, हार्वेस्टरवाल्यांना धानाच्या हंगामात हे उपयोगी आहे.

दुकानात बाटली ठेवणारा माणूस वर सांगितलेल्या सगळ्या गोष्टी, व्हेंट, अर्थिंग, अंतर, यातली एकही करत नाही, आणि त्याच खोलीत मागे घरातली मंडळी झोपलेली असतात. गावात मागणी खरोखर आहे असं वाटत असेल तर ती मोजा. रोज किती दुचाकी, किती ट्रॅक्टर, जवळचा पंप किती किलोमीटर. हा आकडा घेऊन ग्रामीण डीलरशिपची जाहिरात निघेल तेव्हा अर्ज करा.

जागा बघायला कंपनीचा अधिकारी येईल तेव्हा

चहा पाजा, पण हे विचाराच. भर पावसाळ्यात या जागेत पाणी किती फुटांवर लागतं ते कोणी मोजलंय का? नसेल तर शेजारच्या विहिरीची पातळी ऑगस्टमध्ये तुम्हीच मोजून फोटो ठेवा. टाकी एका भिंतीची येणार की दोन? पट्टे आणि पाया कोणाच्या देखरेखीखाली होणार, आणि खड्डा बुजवण्याआधी टाकीची दाब चाचणी झाल्याचा कागद मला मिळणार का? पाइप पोलादी की प्लास्टिकचे? फरशीवरचं तेलकट पाणी कुठे जाणार, बांधीत की तेल वेगळं करणाऱ्या टाकीत?

उत्तरं मिळतील ती तारखेसह त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहा, ज्या वहीत पुढे रोजचा डिप लिहिणार आहात. रजिस्टरचा नमुना हवा असेल तर वहीत एवढे रकाने आखा: तारीख, वेळ, डिप सेंटिमीटरमध्ये, लिटर, पाणी, घनता, तापमान, टँकरने आलेलं, विक्री, असायला हवं ते, फरक, गेजचा आकडा, पाऊस पडला का, आणि सही. पावसाचा रकाना छापील रजिस्टरमध्ये नसतो. तुमच्याकडे तलाव आहे, तुम्ही तो हाताने आखून घ्या.